अवघड जागेची टिपणं

अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. आमच्या घरात सून डॉक्टर आहे, ती मी. राहते धरणगावात, पॅथॉलॉजीची लॅब जळगावला. चुलत सासऱ्यांना, म्हणजे नानांना, काहीतरी होतंय हे माझ्यापर्यंत आलं तोवर निरोप चार घरं फिरला होता. नानांनी काकूंना सांगितलं, काकूंनी सासूबाईंना, सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला आणि त्याने रात्री दिवा मालवल्यावर मला. वाटेत निरोपातला अवयव गळून गेला होता. 'नानांना खाली जरा जड वाटतं' एवढंच उरलं होतं.

"खाली म्हणजे कुठे?"

"खाली म्हणजे खाली," नवरा म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

*

या भागासाठी शिव्यांमध्ये शब्दांची चंगळ आहे. केसपेपरवर चढेल असा शब्द मात्र रुग्णाच्या तोंडी येत नाही. पुस्तकात वृषण, अधिवृषण, अंडकोश. ओपीडीत 'गोटी', 'जागा', नाहीतर नुसतं बोट. त्यातल्या त्यात अंग झाकणारा शब्द म्हणजे हायड्रोसील. तो इतका आपला झालाय की अहिराणीत सरळ 'हायड्रोसिल शे' म्हणतात. वृषणाभोवतीच्या दुपदरी आवरणात पाणी साठणं हा त्याचा नेमका अर्थ. पण लोकांच्या बोलण्यात हर्निया, फुगलेल्या शिरा, क्षयाची सूज आणि खरीखुरी गाठ, सगळं या एकाच शब्दाच्या धोतराआड जातं. रुग्ण निदान सोबत घेऊन येतो आणि घाईतला डॉक्टर तेच उतरवून घेतो.

*

बॅटरीची परीक्षा. खोलीत अंधार करायचा, पिशवीच्या मागून झोत सोडायचा, पुढून कागदाची सुरळी डोळ्याला लावून बघायचं. पाणी असेल तर आतून लालसर उजळतं. गाठ असेल तर उजेड अडतो. दोन मिनिटांची, बिनपैशाची परीक्षा, आणि अजूनही उत्तम.

तिची एक खोड आहे. गाठीमुळेही भोवती पाणी साठतं. वृषणात गाठ असलेल्या दहाजणांत एखाद्याला असं होतं. पाणी भरपूर असलं की मागचं वृषण बोटांना लागत नाही, आणि उजेड तर छान पडतो.

नानांचा उजेड वर्षानुवर्षं छान पडत होता. त्या भरवशावर कुणीतरी दोनदा सुईने पाणी काढलं होतं. दोन्ही वेळा ते परत भरलं.

*

'दुखस नही, मंग कसाले दखाडानं?'

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याला आजाराच्या लक्षणांत धरते. वृषणाच्या बहुतेक गाठी दुखत नाहीत. दुखणारा आठ दिवसांत येतो, न दुखणारा पुढच्या वर्षी.

*

'दुर्मीळ' म्हणजे किती? भारतात वृषणाचा कर्करोग दरसाल लाख पुरुषांत एकालाही होत नाही. नॉर्वे-डेन्मार्कात हाच आकडा दहाच्या आसपास जातो. हा झाला त्यातल्या त्यात 'नेहमीचा' प्रकार. लायडिग पेशींची गाठ, रेतोरज्जूतल्या चरबीचा सार्कोमा, वृषणाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा, या तर त्या एकाच्याही तुकड्यात मोडतात. तालुक्याच्या गावातला सर्जन जन्मभर शस्त्रक्रिया करील आणि यातली एखादी त्याच्या हाताखालून एकदाच जाईल. एकदाच दिसलेली गोष्ट कोण ओळखणार?

मला वाटतं, त्याने ती ओळखायची नसतेच. 'हे नेहमीचं दिसत नाही' एवढं त्याला वाटलं पाहिजे, आणि ते वाटणं त्याने गिळून टाकता कामा नये. नाव द्यायला पुढे माणसं आहेत.

*

आपल्याकडे हे आकडे आले कुठून? मुंबईत १९६३ साली डॉ. जस्सावालांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने देशातली पहिली लोकसंख्येवर आधारलेली कर्करोग नोंदणी सुरू केली. पण ती शहराची. खेड्यांची पहिली नोंदणी १९८७ ची, बार्शीची. तिथली माणसं रुग्णालयात बसून कागदांची वाट बघत नसत. गावोगाव जाऊन, लोकांशी बोलून, कुणाला कसली गाठ आहे, कुणाला रक्त जातंय हे विचारून त्यांना तपासायला आणत. त्या नोंदणीच्या पहिल्या काळात लिंगाचा कर्करोग खेड्यातल्या पुरुषांच्या ठळक कर्करोगांत होता, वृषणाचा जेमतेम. शहराच्या वहीवरून खेड्याचं दुखणं ओळखता येत नाही ते असं.

*

नानांना सोनोग्राफीला नेलं. वेटिंगमध्ये सगळ्या गरोदर बायका. भिंतीवर ठसठशीत पाटी, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. नाना फाइल मांडीवर आडवी धरून बसले होते. एका बाईने सहज विचारलं, "सुनबाईला आणलं का?" नाना म्हणाले, "हो." मी मान खाली घातली. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने अब्रू झाकण्यासाठी मला पाच मिनिटांत गरोदर केलं.

गंमत बाजूला. कित्येक पुरुष या बाकावर बसायला लागू नये म्हणूनच येत नाहीत.

*

अंडकोशाच्या सोनोग्राफीला पोटाचा वाटोळा प्रोब चालत नाही. जास्त फ्रीक्वेन्सीचा, सरळ तोंडाचा प्रोब लागतो, गळ्याच्या गाठींना वापरतात तो. चिठ्ठीवर नुसतं 'सोनोग्राफी' लिहिलं तर पोटाची होऊन रुग्ण घरी येतो. प्रोबने पहिला प्रश्न सोडवायचा असतो, गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेर? मोठ्या माणसात आतली घट्ट गाठ उलट सिद्ध होईपर्यंत कर्करोगाची धरायची. बाहेरची, अधिवृषणाजवळची, बहुतेक वेळा निरुपद्रवी निघते. 'बहुतेक वेळा' या दोन शब्दांवर मी पोट भरते.

नानांची बाहेर होती. पाण्याच्या पलीकडे, डाव्या अधिवृषणाच्या शेपटाकडे, दीड सेंटिमीटर. हरभऱ्याच्या घाट्याएवढी.

*

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात बाराव्या अध्यायात 'वृद्धी'चे सात प्रकार आहेत. वात, पित्त, कफ, रक्त, मेद यांचे पाच, मग मूत्रवृद्धी आणि अंत्रवृद्धी. मूत्रवृद्धी म्हणजे आपलं हायड्रोसील, अंत्रवृद्धी म्हणजे आतडं उतरणं, हर्निया. म्हणजे 'खाली सूज' हे एक दुखणं नसून पाणी कुठलं, आतडं कुठलं हे आधी वेगळं करा, हा आग्रह इतका जुना आहे.

चौदाव्या अध्यायात शूकदोष येतात, लिंगवृद्धीसाठी लावलेल्या लेपांनी होणारे अठरा विकार. त्यांत मांसार्बुद आहे, आणि ते असाध्यांत टाकलंय. लिंगाच्या गाठीची इतकी जुनी नोंद, तीही जाहिरातीतल्या लेपांच्या प्रकरणात! आजही बसस्टँडच्या भिंतीवर तोच लेप विकला जातो.

*

आखाजी. लेकी माहेरी आल्या, लिंबाला झोके बांधले गेले, घरात पुरणाचा वास. आज वृषणाचं माहेर समजावून सांगायला बरा दिवस.

गर्भात वृषण तयार होतं ते मूत्रपिंडाजवळ. जन्माआधी ते खाली उतरत अंडकोशात येतं. येताना आपली रक्तवाहिनी आणि लसिकावाहिनी सोबत ओढत आणतं. सासर जांघेखाली, पण ओढ कायम पोटात वर, महारोहिणीच्या काठाशी. वृषणातला कर्करोग म्हणून पहिल्यांदा तिकडे, माहेरी जातो. अंडकोशाच्या कातडीचं माहेर वेगळं, तिची लस जांघेतल्या गाठींकडे जाते.

यातून एक कडक नियम निघतो. वृषणात कर्करोगाचा संशय असेल तर अंडकोशातून सुई घालायची नाही, अंडकोशावर छेद घ्यायचा नाही. घेतला तर दोन घराण्यांचे रस्ते आपण जोडून देतो. जांघेतून जायचं, वर रज्जूला चिमटा लावायचा, मग वृषण वर ओढून बघायचं. बहिणाबाईंच्या जिल्ह्यात हे एवढ्यावर कळायला हरकत नाही.

आणि तरी 'आधी सुई मारून बघू' ही चिठ्ठी माझ्याकडे येतेच. मी ती परत पाठवते. त्या दिवशी मी फार उद्धट असते म्हणे.

*

उतारवयात डाव्या बाजूला अचानक शिरा फुगल्या आणि आडवं झाल्यावरही उतरल्या नाहीत, तर डावं मूत्रपिंड बघावं. डाव्या वृषणाची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते. वर गाठीने बांध घातला की पाणी खाली तुंबतं.

*

तरुण पुरुषाच्या पोटात मोठी गाठ आली तर पँट उतरवून बघा. एक बाजू रिकामी असेल तर न उतरलेलं वृषणच आत राहून वाढलं असेल. लहानपणी कुणीतरी आईला सांगितलेलं असतं, 'उतरेल मोठा झाल्यावर'. सहा महिन्यांचा होईपर्यंत उतरलं नाही तर ते बहुधा उतरत नाही. दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रियेने खाली आणतात. धोका त्याने पुरता जात नाही, पण कमी होतो, आणि पुढे गाठ आलीच तर हाताला लागते.

*

डबा. माझ्याकडे पुरुष येत नाही, त्याचा अवयव डब्यातून येतो. डब्यावरून मला त्या ऑपरेशन थिएटरचा स्वभाव कळतो.

अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेलं वृषण बाहेर काढताना फाटतं. नमुना बुडेल इतकंच फॉर्मॅलिन पुरत नाही, नमुन्याच्या दहापट तरी लागतं. आणि वृषणाला पांढरं जाड कवच असतं, त्यातून फॉर्मॅलिन आत शिरत नाही. न कापता टाकलं तर बाहेरून टणक, आत मात्र कुजलेलं, आणि नेमकी गाठ आत. त्यामुळे ते उभं चिरून टाकायचं. सर्जनांना मी वर्षातून दोनदा बजावते. एकदा वृषणाबद्दल, एकदा चिठ्ठीवर डावं-उजवं लिहिण्याबद्दल.

सगळ्यांत मोठं नुकसान मात्र जो डबा येतच नाही त्याने होतं. हर्नियाची शस्त्रक्रिया चालू आहे, रज्जूभोवती जरा जास्तच पिवळी चरबी दिसली, काढली, बादलीत टाकली. जवळपास प्रत्येक वेळी ती चरबीच असते. क्वचित एखाद्या वेळी तो चरबीचा सार्कोमा असतो. दोन वर्षांनी तिथेच परत येतो, तोवर बादली कुठली आणि चरबी कुठली.

*

रक्त आधी, चाकू नंतर. एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच या तीन तपासण्या शस्त्रक्रियेआधी पाठवायच्या. वृषण काढल्यावर एएफपी साधारण पाच ते सात दिवसांत निम्मं व्हायला हवं, एचसीजी दीड दिवसात. त्या चालीने उतरलं नाही तर गाठ आणखी कुठेतरी आहे. आधीचा आकडाच नसेल तर उतरलं की चढलं, सांगणार कसं?

एचसीजी म्हणजे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गर्भचाचणीच्या पट्टीत पकडतात तेच. काही गाठी ते इतकं सोडतात की पुरुषाची पट्टीही दोन रेघा दाखवते. हे वाचून कुणी घरी पट्टी लावत बसू नये. बहुतेक गाठींत ती कोरीच राहते.

*

निव्वळ सेमिनोमा, म्हणजे वृषणातला नेहमीचा कर्करोग, एएफपी वाढवत नाही. काचेवर फक्त सेमिनोमा दिसतोय आणि रक्तात एएफपी चढलंय, तर काच पुरती बघितलेली नाही असं समजायचं. उरलेल्या गाठीचे आणखी ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, करायचे. रक्त आणि काच यांचं भांडण असेल तर मी रक्ताच्या बाजूने असते.

उलटा सापळा तान्ह्या बाळाचा. नवजात बाळात एएफपी निसर्गतःच आभाळाएवढं असतं, मोठ्यांच्या पातळीला यायला महिने लागतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या वृषणात गाठ, रक्तात एएफपी जास्त, म्हणून योक सॅकचा कर्करोग ठरवला, आणि निघाली बालवयाची ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ. तिचं नाव अंडाशयाकडून आलंय, वागणूक साधी आहे. बाळाच्या एएफपीला बाळाच्याच तक्त्याने मोजावं.

*

वय हे अर्धं निदान. तान्हं बाळ : योक सॅक किंवा ग्रॅन्युलोसा. पाच-दहा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटला, केस आले : लायडिग पेशींची गाठ आठवा. वीस ते चाळीस : सेमिनोमा आणि त्याचे भाऊबंद. साठीपुढे : आधी लिम्फोमा. साठीपुढेच एक सालस प्रकार भेटतो, स्पर्मॅटोसायटिक. मासाँने १९४६ साली त्याला सेमिनोमाच्या घरात घातलं होतं. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने त्याचं आडनाव बदललं, कारण तो जवळपास कधीच पसरत नाही. नाव बदललं की उपचार बदलतो, केमोथेरपी वाचते. आमच्या धंद्यात बारसं असं महाग असतं.

*

लायडिगने आपल्या नावाच्या त्या पेशी १८५० साली दाखवल्या. १८९६ मध्ये राइंकेला त्यांत गुलाबी काठीसारखे स्फटिक सापडले. लायडिग गाठींपैकी तिसरा हिस्सा किंवा थोड्या अधिकांतच ते दिसतात. दिसले की निदानाचं भांडण मिटतं. मी अजून शोधते, सुतळीत सुई शोधावी तशी. सापडले तर लॅबमधल्या पोरांना बोलावून दाखवते, चहा माझ्याकडून.

*

क्षय. आपल्या मुलखात अधिवृषणाच्या गाठीला पहिला संशय क्षयाचा, आणि तो बरोबरच आहे. रेतोवाहिनी जपमाळेच्या मण्यांसारखी लागते, अंडकोशाला मागून छिद्र पडून वाहतं. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुराव्याविना क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या की सहा महिने कुणी काही विचारत नाही, आणि गाठ क्षयाची नसेल तर तिला सहा महिन्यांचं रान मोकळं मिळतं. साध्या सुजेलाही हाच न्याय. अँटिबायोटिकने दोन आठवड्यांत उतरली नाही तर सोनोग्राफी.

*

धरणगावला जिनिंग आहेत, हंगामात रस्त्याकडेच्या झुडपांना कापूस चिकटलेला असतो. खानदेशचा कापूस एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून लँकेशायरच्या गिरण्यांना जायचा, अमेरिकेतल्या यादवीच्या काळात तर जोरात. त्या गिरण्यांत 'म्यूल' यंत्रावर सूत काढणाऱ्या कामगारांना अंडकोशाचा कर्करोग व्हायचा. चात्यांना घातलेलं खनिज तेल उडून पँटीत मुरायचं, कामगार दिवसभर दांडीवर ओणवा. १९२२ साली मँचेस्टरच्या साउदम आणि विल्सन यांनी हे मांडलं. त्याआधी १७७५ मध्ये लंडनच्या पर्सिव्हल पॉटने धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंडकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी लावला होता. कर्करोग व्यवसायातून येतो, हे माणसाला पहिल्यांदा कळलं ते याच अवघड जागेवरून.

आपल्याकडे हेच डोळे होते डॉ. वसंत खानोलकरांचे. परळचं टाटा मेमोरियल १९४१ मध्ये उघडलं, तिथल्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. १९४५ साली सूर्याबाईंबरोबर त्यांनी राहणीशी जोडलेले कर्करोगाचे तीन नवे भारतीय प्रकार मांडले. त्यांत धोतराचा कर्करोग होता. कंबरेला वर्षानुवर्षं करकचून धोतर नेसलं की जिथे काच पडतो तिथेच कातडीचा कर्करोग. काचेवरची पेशी बघताना तो माणूस काय नेसतो, काय खातो, कुठे बसतो, हे त्यांनी विचारलं. मी नमुन्यासोबतच्या कागदावर 'व्यवसाय' असा रकाना ठेवलाय. दहातले आठ कोरे येतात.

*

लिंगाच्या कर्करोगात निदान अवघड नाही, दिसतो तो डोळ्यांना. उशीर होतो तो कातडी मागे न सरकणाऱ्या माणसाला, कारण सगळं झाकलेलं. त्यातला चामखिळीसारखा वाढणारा प्रकार मात्र फसवतो. वरवरचा तुकडा घेतला तर काचेवर निव्वळ चामखीळ दिसते. त्याचं दुष्टपण तळाशी असतं, तुकडा खोल हवा. तीनदा 'साधी चामखीळ' असा रिपोर्ट येऊनही फोड वाढतच असेल तर रिपोर्ट फाडून पुन्हा खोल तुकडा घ्यावा, माझा असला तरी.

बाकी रोज पाणी घेऊन कातडी मागे करून धुणं, तंबाखू सोडणं, सरकत नसेल तर वेळेत सुंता. हे पुरुषांना सांगायला गावात जागा कुठली? पोलिओच्या डोसाची जागा सांगतात, ही नाही.

*

मे. पारा पंचेचाळीसला टेकला. ब्लॉकमधलं पॅराफिन छप्पन ते साठ अंशांना वितळतं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत ब्लॉक ठेवला तर मेणाचा आकार जातो, आतला नमुना वाकडा होतो. परळला जाताना 'स्लाइड आणि ब्लॉक घेऊन या' असं सांगतात, तेव्हा मी नातेवाइकांना एकच वाक्य पाठ करून देते, 'डबीत घालून अंगाशी ठेवा.' एकाने ती पोराच्या कंपासपेटीत नेली. उत्तम नेली.

जळगावहून मुंबई चारशे वीस किलोमीटर. गेलेले बरेचजण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. तिथून परत आलेले लोक मला रोगाचं नाव सांगत नाहीत, धर्मशाळेतल्या पंगतीत शेजारी कोण बसायचं ते सांगतात.

*

नानांचं ऑपरेशन झालं. सर्जन जांघेतूनच गेला. गाठ वृषणापासून सुटी, टणक, पांढरी. रक्ताचे तिन्ही आकडे सरळ होते, नानांशी आधी बोलणं झालेलं होतं, सर्जनने वृषण ठेवलं आणि गाठ काढली. डबा रुंद तोंडाचा, फॉर्मॅलिन भरपूर, चिठ्ठीवर 'डावं'.

घरच्या माणसाची स्लाइड आपण वाचू नये. मी ती एका ज्येष्ठ सहकाऱ्याकडे दिली. देण्याआधी बघितली.

पोकळ्या, आणि पोकळीने एका कडेला दाबलेलं केंद्रक, खड्याच्या अंगठीसारख्या पेशी. जठराचा कर्करोग दूरवर पसरतो तेव्हा अशाच पेशी दिसतात. त्या रात्री मी नानांच्या जेवणावर लक्ष ठेवून होते. भाकरी किती, भरीत किती. नाना नेहमीसारखेच जेवले आणि वर ताक मागितलं.

*

सहकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी फक्त एक जागा दाखवली. पोकळ्यांच्या मधून आडवे गेलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे पातळ धागे. "हे कर्करोगात बघितलंस कधी?" नव्हतं बघितलं. तरी त्यांनी नाव लिहिलं नाही. ब्लॉक मुंबईला पाठवायला सांगितला, जादा रंगांसाठी. मी तो स्वतः गाडीत बसवला, डबीत घालून, एका ओळखीच्याच्या अंगाशी.

*

वाट बघताना. आदिम बीजपेशी गर्भात दुसरीकडून निघून शरीराच्या मधल्या रेषेने चालत वृषणापर्यंत येतात. मुक्ताईच्या पालखीतला एखादा वारकरी वाटेत मागे राहावा तशा काही वाटेतच थांबतात. तिथे गाठ झाली तर वृषणाचा रोग छातीत निघतो. युवराजसिंगला २०११च्या विश्वचषकानंतर निदान झालं ते असंच, दोन फुप्फुसांच्या मधला सेमिनोमा. उपचार झाले इंडियानापोलिसला, जिथे लॉरेन्स आइनहॉर्नने १९७४ मध्ये सिसप्लॅटिनची जोड देऊन या रोगाचं चित्रच पालटलं. पसरलेला असूनही बहुतेक माणसं बरी होतात असे कर्करोग हाताच्या बोटांवर मोजावे, त्यांत हा.

याच्या उलट, विझलेली गाठ. मूळ वृषणात फक्त व्रण राहतो आणि रोग पोटात वाढत असतो. चुलीत राख, आणि आग कडब्याला लागलेली. पोटातली गाठ तपासणाऱ्याने ती राखही चाळावी.

*

मुंबईचं उत्तर आलं. कॅल्रेटिनिन पॉझिटिव्ह, डब्ल्यूटी-१ पॉझिटिव्ह. म्हणजे या पेशी जठराच्या नाहीत, वृषणाच्या आवरणाच्याच कुळातल्या. ॲडेनोमॅटॉइड गाठ. गोल्डन आणि ॲश यांनी १९४५ साली तिला हे नाव दिलं. २०१८ मध्ये तिच्या मुळाशी असलेला टीआरएएफ-७ या जनुकातला बदल सापडला. निरुपद्रवी. काढली, संपलं. अधिवृषणाच्या गाठींत हीच सगळ्यांत जास्त आढळणारी, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. घरातल्या माणसाच्या काचेवर ती ओळखायला मला दुसऱ्याचं बोट लागलं.

हिशोब केला. काकूंनी तोंड उघडलं, सोनोग्राफीवाल्याने पाण्याच्या पलीकडे बघितलं, सर्जन जांघेतून गेला, कुणीतरी रुंद डबा शोधला, सहकाऱ्यांनी एक धागा दाखवला, ब्लॉक न वितळता पोचला. यातलं एक जरी निखळलं असतं तरी नाना एकतर वृषण गमावून बसले असते, नाहीतर आणखी दहा वर्षं पाणी काढत.

*

मृग लागला. नाना शेतातून आले, ओट्यावर पाय धुतले. मी वहीत लिहीत होते. या सगळ्या काळात ते माझ्याशी या विषयावर एकदाही थेट बोलले नव्हते. आज उभ्याउभ्याच म्हणाले, "मनंच लिखी राह्यनी ना?"

मी हो म्हटलं. नको असेल तर फाडते म्हटलं.

ते थोडा वेळ पावसाकडे बघत राहिले.

"मनं नाव नको लिखू," म्हणाले. "गावनं लिख."

धरणगाव.